फक्कीच्या रेघेवरचा कॅमेरा

दोन हजार चोवीस साल, आणि मला त्र्याहत्तरावं लागलेलं. माघातलं कोवळं ऊन, खुरांनी उडवलेली भुरकट धूळ, आणि त्या धुळीच्या पडद्याआडून येणारा घुंगरांचा नाद, आधी मंद, मग जवळ, मग थेट छातीत. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रेघेवर उभ्या असलेल्या माणसाला बैल आधी ऐकू येतात, दिसतात नंतर. दोन जोड्या एकदमच सुटतात, मागे हलक्या छकड्या, छकडीवर ओणवे झालेले हाकणारे. आणि शेवटी जमिनीवर फक्कीची पांढरी रेघ, जिच्यावर ज्या जोडीचं जू आधी येईल ती जिंकली. आमच्या गावात ही रेघ मी राखत आलो. शाळा माझी दुसरीतच सुटली. पण त्या रेघेपाशी माझा हात ज्या बाजूला उठला त्या बाजूला गुलाल उडायचा, आणि हरलेला मालक माझ्याच ओट्यावर चहा पिऊन आपल्या गावी जायचा. याहून मोठी पदवी कोणती असते, मला ठाऊक नाही.

त्या साली शेवटच्या फेरीत एका बाजूला माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची, वसंताची जोडी होती आणि दुसऱ्या बाजूला धाड गावची. धाडच्या जोडीचं जू वीतभर आधी आलं. मी पाहिलं आणि हात तिकडे उठवला. वसंता गर्दीतून पुढे आला आणि चारचौघांत म्हणाला, "दादा, तुले भाऊ दिसत नाही हे त माहीतच होतं. आता बैलही दिसत नाही का?" लोक हसले. कुणीतरी मोबाईल पुढे केला. त्यात नुसती धूळ आणि चार बैलांचा एक लगदा. ज्याला जे पाहायचं होतं ते त्याला त्यात दिसत होतं. त्या दिवसापासून वसंता माझ्या ओट्यावर चढला नाही. आमच्या दोघांच्या शेतांत एकच बांध, पण वर्षभर मी त्याची पाठच पाहिली.

मग पटाच्या कमिटीने ठरवलं, पुढच्या पटाला रेघेवर कॅमेरा लावायचा, वर्गणीत बसेल असा. मी म्हणालो, निवडायला मी येतो. माझ्या जागी ज्याला बसवणार तो मला पारखून घ्यायचा होता. आणि त्याहून खरं सांगू का? माझा डोळा खोटा नाही हे एकदा वसंताला पटावं, यापलीकडे मला काही नको होतं.

मलकापूरच्या दुकानात आमचा खजिनदार सुधाकर एका दांडग्या कॅमेऱ्यावर भाळला. "बुवा, हाच घेऊ. झूम पाहा केवढं. अन् पाहुण्याईले दिसलं पाहिजे ना, का आपल्या पटात कॅमेरा हाय."

दुकानवाली बाई शांतपणे म्हणाली, "पळतं काढायचं हाय ना दादा? मंग झूम घेऊन काय चाटायचं? एका सेकंदात चित्रं किती काढते ते पाहा." तिने एक लहानशी डबी काढली आणि दोन्ही यंत्रं रस्त्याकडे रोखली. एक मोटरसायकल सुसाट गेली. तिने चित्र थांबवून दाखवलं. दांडग्या कॅमेऱ्यात हाकणाऱ्याला दोन डोकी; डबीत मात्र चाकाची एकेक तार वेगळी. "मागच्या सालचा माल हाय, म्हणून परवडते. धुळीनं याले काही होत नाही. फक्त रेघेजवळ ठेवा, लांबचं याले नाही दिसत."

सुधाकरचं तोंड उतरलं. "हे त काडेपेटी झाली बुवा. हसतीन लोकं."

"हसू दे," मी म्हणालो. "मले त वर्षभर हसूनच राह्यले."

परतीच्या जीपमध्ये ती डबी माझ्याच मांडीवर होती. एका सेकंदात एकशे वीस चित्रं, असं बाई म्हणाली होती. माझा डोळा एका क्षणात एकच चित्र काढतो, आणि तेही दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही. माणसाने माणसाच्या शब्दावर ते मानायचं असतं. एकेकाळी मानत होते. आता जिभेपेक्षा काच खरी झाली. का झाली? या डबीला भाऊ नाही, सोयरा नाही, म्हणून म्हणे ती निःपक्षपाती. मला भाऊ होता, आणि त्याचे बैल मी वासरं असल्यापासून कुरवाळलेले होते, तरी माझा हात दुसरीकडे उठला. या उठण्याला किती बळ लागलं, ते कोणत्या यंत्रात उतरणार होतं?

पुढच्या पटाला शेवटच्या फेरीत पुन्हा वसंताचीच जोडी. माझ्या गुडघ्याशी तिपाई, तिपाईवर डबी. नाद आला, धूळ आली, आणि वसंताच्या जोडीचं जू चार बोटं आधी रेघेवर आलं. मी हात त्याच्या बाजूला उठवला. मागून लगेच आवाज आला, "भावानं भावाले देल्लं. मागची भरपाई." वसंताने माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. तो माझ्याजवळून, अंगाला अंग घासून, डबीकडे धावला. सुधाकरने चित्र थांबवलं. जू, रेघ, चार बोटं. गुलाल उडाला तेव्हा वसंता वळला, मला मिठी मारली आणि गहिवरून म्हणाला, "दादा, आता पटलं. तुहा डोळा खरा हाय. उद्या पंगत हाय घरी, लवकर ये."

ज्या शब्दासाठी वर्षभर झुरलो तो कानात पडला. पण त्याच्या आधी 'आता' होतं, आणि 'आता'च्या आधी ती डबी. ते 'आता' रात्रभर कुसळासारखं सलत राहिलं.

आमच्यात पंगत असली की थोरला भाऊ दारात उभा राहतो, आल्यागेल्याला बसवतो, वाढतो, आणि घरच्यांबरोबर शेवटी जेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, वसंताच्या अंगणात गेलो आणि बाहेरगावच्या पाहुण्यांच्या ओळीत पहिल्याच पंगतीला बसलो. वसंता वरणाची बादली घेऊन वाढत वाढत आला आणि माझ्यापुढे थबकला. "दादा, तू इथं काऊन बसला? तू त वाढाले पाहिजे."

मी पत्रावळीवरची बट्टी चुरली, मधे वरणासाठी आळं केलं.

"पाहुण्याले वाढ, वसंता."

मग त्याने वाढलं. मी पोटभर जेवलो, हात धुतले, परक्या घरी करतात तसा दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि घरी आलो.