दुसऱ्या सूर्याचं दूध

सयाजी महाड डेपोतून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि नाते गावाजवळच्या आमच्या वाडीत येऊन राहिले. पोलादपूरच्या डोंगरात ते मुक्कामाची गाडी न्यायचे आणि टपावर अंथरूण टाकायचे. तिथेच ताऱ्यांचा नाद लागला. निवृत्तीनंतर त्यांनी दुर्बीण घेतली.

त्यांचा लाडका तारा म्हणजे तिमिंगल तारकासमूहातला टाऊ सेटी. नुसत्या डोळ्यांना फिकट दिसतो, पण घडण सूर्यासारखी. वस्तुमान सूर्याच्या पाऊणपटीहून किंचित जास्त, तेज निम्म्याच्या आसपास. पृष्ठभाग सूर्याहून थोडा थंड, म्हणून रंग पिवळसर. वयाने सूर्यापेक्षा थोरला आणि भोवती धुळीचं मोठं कडं. त्याचा आज पोचणारा उजेड तिथून बारा वर्षांपूर्वी निघालेला.

"आपल्या पोराच्या, रितेशच्या लग्नातला उजेड हाय तो," सयाजींनी बायकोला सांगितलं.

"मग दावा की मला," आनंदीबाई म्हणाल्या.

अडचण इथेच होती. देवळापुढे उंच खांबावरचा नवा हायमास्ट दिवा लागला होता आणि त्याचा झोत थेट सयाजींच्या अंगणात यायचा. दुखऱ्या गुडघ्यांमुळे आनंदीबाईंना वरच्या अंधाऱ्या माळावर चढवेना. त्यातून नातवंडं सांभाळायला त्या पुढच्या आठवड्यात मुंबईला निघालेल्या. तिथल्या झगमगाटात हा तारा कुठला दिसायला?

दिव्याच्या बटणाच्या पेटीची किल्ली वाडीतल्याच कोंडाजींकडे असते. सयाजी दोनदा विचारून आले.

"तारा बघाया दिवा बंद? उद्या चंद्र बघाया सूर्य बंद कर म्हणशील," कोंडाजी म्हणाले. "आन् बिबट्या आला म्हंजी?"

रथसप्तमीच्या सकाळी आनंदीबाई अंगणात गोवऱ्या पेटवून सूर्यासमोर बोळक्यातलं दूध उतू घालत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "अवो, त्या दुसऱ्या सूर्याचं दूध कोन उतू घालतं?"

"अगो, तो देव नाय, तारा हाय."

"आपला सूर्य पन ताराच हाय, असं तुमीच सांगता ना?"

दुपारपर्यंत आनंदीबाई दुसऱ्या सूर्याच्या पूजेचं आवतण देत सगळी घरं फिरून आल्या. संध्याकाळी बायका बोळकी घेऊन अंगणात जमल्या आणि बनुबाई नवऱ्याला, म्हणजे कोंडाजींना, म्हणाली, "दिव्याच्या झोतात कसली पूजा? किल्ली काढा." रथसप्तमीला नाही म्हणायची कोंडाजींची छाती नव्हती. दिवा विझला.

पण गोवऱ्या ओलसर निघाल्या. धुराचा लोट उठला आणि नेमका नैर्ऋत्येला, ताऱ्याच्या अंगाला, गेला. सयाजी दुर्बिणीशी डोळे चोळत उभे.

"सूर्याला नजर लागंल म्हून पडदा धरलास काय, आनंदे?" कोंडाजींनी विचारलं.

"तुमी फुका बोलू नका, फुंकर घाला," आनंदीबाई म्हणाल्या.

कोंडाजी खरंच खाली बसून फुंकू लागले. जाळ धरला, दूध वर आलं, भसाभस उतू गेलं आणि त्यानेच निखारे विझले. धूर पांगला. सप्तमीचा अर्धा चंद्र वर होता, तरी सयाजींना तारा सापडला. आनंदीबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला.

"कसा हाय गो?" बनुबाईने विचारलं.

"पिवळा. गरीब सोभावाचा दिसतो."

मग सगळ्यांनी रांग लावली. शेवटी सयाजींनीच कोंडाजींना दिवा परत लावायची आठवण करून दिली.

"थांब रे," दुर्बिणीवरून मान न उचलता कोंडाजी म्हणाले, "बिबट्या काय पळून जात नाय."