बर्फाच्या कप्प्यातली इंजेक्शनं

सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी कारकून. त्या वर्षी तासातासाला टेबल सोडून संडासाकडे पळत होतो. मोठ्या आतड्याला जखमा झाल्या होत्या, रक्त पडायचं. गोळ्या हरल्या तेव्हा तिथल्याच डॉक्टरीणबाईंनी बायोलॉजिकची इंजेक्शनं सुरू केली. मी आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरचा, म्हणून त्यांनी मला कळेल असं सांगितलं, "तुमच्या शरीराचा राखणीचा कुत्राच पिसाळून तुमच्या आतड्याला चावतोय. हे औषध त्याला बांधून ठेवतं, मारत नाही. म्हणून चुकवायचं नाही."

पहिली इंजेक्शनं दवाखान्यातच झाली. महिन्याभरात रक्त थांबलं. भाकरी खाल्ली आणि ती अंगी लागली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या दोन महिन्यांची इंजेक्शनं घेऊन मी रजेवर गावी गेलो. इंजेक्शनांचा डबा आईनं हातातून काढून घेतला. मेंढरांची लस तालुक्याहून बर्फात घालून आणणारी आमच्या वाडीत तीच.

"गार ठेवा म्हनल्यात न्हवं? आरं, बरफ इतळला की लस मेली," म्हणत तिनं डबा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात सारला. वीज गेली की फ्रीजवर गोधड्या टाकायची. डब्यातला कागद इंग्रजीत होता. घरात तो वाचू शकणारा मी एकटा, आणि मी तो न उघडताच फेकला. शिकलो होतो, पण अक्कल गहाण ठेवली होती.

दर पंधरा दिवसांनी सकाळी ती एक इंजेक्शन काढून ओट्यावर ठेवायची. बर्फ सुटला की मी मांडीत टोचून घ्यायचो.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त परत सुरू झालं. कुणाला कळवायच्या आत आतडं फुगून फाटायला आलं. ते काढावं लागलं. आता पोटाला पिशवी आहे, ती कायमची.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इंजेक्शनं कुठं ठेवत होतात? मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या.

"हे औषध गोठलं की वाया जातं," त्या म्हणाल्या. "खालच्या कप्प्यात ठेवायचं होतं."

त्या गेल्यावर आई आत आली. "काय म्हनल्या बाई?"

"औषध मला लागू पडलं नाही म्हणाल्या."

"लय जपलं हुतं रं," ती म्हणाली, आणि पिशवी कशी रिकामी करायची ते शिकायला नर्सकडे गेली.