तिच्या बाजूचं दार

गाडीचं डावं दार पाच महिने उघडत नव्हतं, आणि त्या पाच महिन्यांत माझी बायको आठवड्यातून दोनदा माझ्या बाजूनं गाडीत शिरली. आधी ती बसायची, स्टिअरिंगखालून पाय काढायची, मग सीटवरून सरकत सरकत आपल्या जागेवर जायची. तिच्यानंतर मी. तिचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं. देवळीहून सकाळी लवकर निघायचं, वर्ध्याला तिला आत सोडायचं, चार-पाच तास बाहेरच्या बाकावर काढायचे आणि दुपारी तिला घेऊन परत यायचं. घरी आलो की ती झोपायची. मीही झोपायचो.

गाडी जुनी, गोल बोनेटची. पुढची सीट सलग, सोफ्यासारखी, आणि गिअर स्टिअरिंगलाच, म्हणून तर ती सरकू शकायची. मी आयुष्यभर बस चालवली. रिटायर झाल्यावर हौसेनं ही गाडी घेतली, पुढे मोतीबिंदू झाला, ऑपरेशन लांबत गेलं आणि ती चार वर्षं टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली. टिन नेमका डाव्या बाजूला गळत होता. बायको आजारी पडली तोवर डोळे करून झाले होते, गाडी बाहेर काढली. इंजिन सुरू झालं, पण ते दार वीतभर उघडून अडलं. आणखी जोर लावला की सगळी गाडीच हलायची.

"ताकद नका लावू, काका," मेकॅनिक म्हणाला होता. "बिजागऱ्या पुऱ्या जाम हायेत. पत्रा फाटन."

ते तेवढ्यावरच राहिलं. मागच्या सीटवर बसलं की तिला मळमळायचं. ती म्हणाली, जाईन मी तुमच्याकडूनच. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर दुरुस्तीच्या नुसत्या विचारानंही मला थकवा यायचा.

एका शुक्रवारी ती दवाखान्यातून बाहेर आली तेव्हा तिचं बीपी उतरलेलं होतं. गाडीत शिरली आणि अर्ध्यावर, स्टिअरिंगच्या मागेच थांबली. डाव्या हाताची नस डायलिसिससाठी जोडलेली, त्या हातावर भार द्यायचा नाही. उजव्या हातात जोर नव्हता. माझ्यामागे दोन ऑटो हॉर्न वाजवत होते.

"सरक ना थोडी," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा.

ती माझ्याकडे बघत नव्हती. "मले बसू द्या घडीभर. नाई होऊन राह्यलं."

मी दार धरून उन्हात उभा राहिलो. ऑटोवाले वळसा घालून गेले. थोड्या वेळानं तिनं स्वतःच स्वतःला पलीकडे ढकललं.

शनिवारी सकाळी मी मेकॅनिककडे गेलो. त्यानं डिझेल आणि ऑइल मिसळून एक बाटली भरून दिली. काय करायचं तेही सांगितलं. बिजागरीच्या सांध्यात तेल सोडायचं, मुरू द्यायचं, दार हलवायचं ते बोटभरच, मागंपुढं. लाल पाणी निघेल ते पुसायचं आणि पुन्हा तेल. "दोन दिवस लागन, चार बी लागन," तो म्हणाला.

बसच्या दारांशी माझा कधी संबंध आला नव्हता. ते काम डेपोतली माणसं करायची. वीतभर फटीतून बिजागरी दिसत होती, पण बाटलीनं तेल सांध्यात जाईना, सगळं खाली सांडायचं. बायको ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती. बराच वेळ बघत होती.

"सिरिंज घ्या ना," ती म्हणाली. "घरात कमी हायेत का सिरिंजा?"

सिरिंजनं तेल बरोबर आत गेलं. मी दार बोटभर ढकलायचो, बोटभर ओढायचो. करकर आवाज यायचा आणि सांध्यातून विटकरी रंगाचं तेल ओघळायचं. चिंधीनं पुसायचो. खांदे भरून आले की ओसरीवर तिच्याजवळ जाऊन बसायचो. तिला पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून तिच्यासमोर मी पाणी पीत नसे. आत जाऊन पिऊन यायचो. तिला ते कळत होतं.

रविवारी दुपारी वरची बिजागरी सुटली. पुसलेल्या चिंधीवर आता तेल जवळजवळ स्वच्छ उतरत होतं. खालची मात्र हलेना. टिनातून गळणारं पाणी सगळं तिथंच साचत आलं असणार. लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू ठोकलं, तेल सोडलं, सोमवारी सकाळी पुन्हा तेच. उद्या मंगळवार. माझ्या अंगात काही उरलं नव्हतं, आणि मेकॅनिकनं जे करू नका म्हटलं होतं तेच मी केलं. दाराला खांदा लावला आणि सगळा भार टाकला.

कडाड आवाज झाला. दार सताड उघडलं आणि दोन बोटं खाली लटकलं. खालच्या बिजागरीची पिन तुटली होती. मी तिथंच मातीत बसलो.

ती ओसरीवरून उठून आली. दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"फाटला का पत्रा?"

"नाई. पिन तुटली."

"मंग उघडलं ना."

"आता बंद नाई होत."

ती वाकली, दार उचलून पाहायला गेली. मी म्हणालो, हात नको लावू, डावा हात आहे. तिनं हात मागे घेतला. मग म्हणाली, "बांधा दोरीनं. उद्याचा दिवस तर निघन."

मला त्या शुक्रवारचं बोलायचं होतं. म्हणालो, "मी ओरडलो तुह्यावर."

"मालूम हाय," ती म्हणाली. "तुमी बी थकले."

एवढंच. तिनं मला उठायला हात दिला नाही, दोघंही पडलो असतो. मी गाडीला धरून उठलो.

मंगळवारी ती तिच्या बाजूनं गाडीत बसली. मी दार उचलून चौकटीला लावलं आणि मधल्या खांबाला सुती दोरीनं घट्ट बांधलं. वर्ध्यापर्यंत गाडी तीसच्या वर नेली नाही. दवाखान्याच्या फाटकावरच्या वॉचमननं दोरी पाहिली आणि फाटक उघडलं.

बुधवारी मेकॅनिक घरी आला. पिनेचा तुटका तुकडा त्यानं ड्रिलनं काढला, लेथवर करून आणलेली नवी पिन बसवली, ग्रीस भरलं. मला म्हणाला, "सांगतलं होतं ना काका." मी हो म्हटलं. तिनं त्याच्यासाठी पोहे केले. बऱ्याच दिवसांनी ती ओट्याशी उभी राहिली होती.

तिची तब्येत दारामुळे सुधारली असं नाही. मंगळवार आणि शुक्रवार तसेच आहेत. फक्त आता ती आपली आपण बसते आणि आपली आपण उतरते. मागच्या शुक्रवारी परत आलो तेव्हा ती उतरून घरात गेली आणि मी दोन मिनिटं म्हणून गाडीतच डोळे मिटले. तिनं काचेवर टकटक केलं तेव्हा ऊन अंगणातून गेलेलं होतं.

"चाय मांडली," ती म्हणाली. "आत येऊन झोपा."