चुन्याखालचा संत

ओल्या रंगाचा वास आला की मला इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकजवळचं एक जुनं चर्च आठवतं. सोळाव्या शतकात, मूर्ती-चित्रं नकोत म्हणणाऱ्या धर्मसुधारणेच्या काळात तिथल्या भिंतीवरच्या संतांना चुना फासला होता आणि अलीकडे त्यातला एक संत पुन्हा उघडा केला होता. बाबा आम्हाला मुद्दाम घेऊन गेले. "माणसं विचार करायला लागली आणि देव गेले," ते आईला म्हणाले. घरचे देवही त्यांनी खोक्यात भरून लॉफ्टवर टाकले होते. तरी घरात उदबत्तीचा वास येतो, असा त्यांना संशय होता. आई संताच्या शाबूत डोळ्यांकडे बघत राहिली. "घालवायचं असतं तर खरवडून काढलं असतं," ती म्हणाली. "हे कुणीतरी जपून झाकलंय." बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. घरी येताच कोटही न काढता ते किचनमधली कपाटं उघडत सुटले. पिठाच्या डब्यामागे बाळकृष्ण होता, पुढ्यात ताजं फूल. आई सिंकपाशी पाठमोरी उभी होती. बाबांनी डबा होता तसा सरकवला आणि दार लावलं. ते कपाट त्यांनी पुन्हा कधी उघडलं नाही. काल किचन रंगवायला मी ते रिकामं केलं. आत कुंकवाचा डाग होता. तो मी घासला नाही, वरून नुसता रंग दिला.