मास्तरीणबाईंचं माप

माझ्या मावशीची जीभ तिखट, पण हात हलका. म्हणून बायका तिच्याकडेच ब्लाउज टाकतात. मी तिच्या दुकानात काजं-बटणं करते. तिच्या स्वतःच्या ब्लाउजची उजवी बाही डावीपेक्षा ढगळ असते. तरुणपणी कर्करोगात तिचा उजवा स्तन काढला, काखेतल्या ग्रंथीही काढल्या. तेव्हापासून तो हात सुजलेलाच.

त्या काळी दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. सगळा स्तन काढायचा, की नुसती गाठ काढून किरण द्यायचे? डॉक्टरांनाही खात्री नव्हती, म्हणून कोणाचं काय करायचं ते बंद पाकिटातून ठरे. मावशी राजी झाली. तिच्या पाकिटात सगळं काढायचं निघालं, शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाईंच्या पाकिटात नुसती गाठ. मला त्या पाकिटांचा अजूनही संताप येतो.

पुढे निकाल लागला: दोन्हीकडच्या बायका सारख्याच जगल्या. ते ऐकून मावशीने दोन दिवस दुकान उघडलं नाही.

मास्तरीणबाई दरवर्षी माप द्यायला येतात. मावशी त्यांच्या छातीवरून टेप फिरवते, तेव्हा तिचा चेहरा मला बघवत नाही. त्या दिवशी तिचा नसलेला स्तन खाजतो. खाजवायला हात नेते, तर तिथे काहीच नसतं.

यंदा मावशीच्या मुलीच्या स्तनात गाठ निघाली. वेळेवर सापडली होती. डॉक्टर म्हणाले, नुसती गाठ काढून किरण दिले तरी पुरे. पोरगी मात्र हट्टाला पेटली.

"सगळं काढा. आई त्यानेच वाचली ना!"

घरात आम्ही सगळे हेच म्हणत आलो होतो. मावशीने कधी ते खोडलं नाही. खोडायचं तर आपलं उगाच गेलं, असं तिला कबूल करावं लागलं असतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी लेक दुकानात आली. मावशीने मशीन थांबवलं.

"मास्तरीणबाईंची नुसती गाठच काढली होती," ती म्हणाली.

"मग?"

"दरवर्षी माप घेताना मी हळूच चाचपते. परत गाठ लागते का बघते. लागावी असं वाटायचं मला. म्हणजे माझं गेलं ते कारणी लागलं असतं."



"आई, तू त्यांचं मरण मागत होतीस?"

"हो. इतकी वर्षं. आणि बाई ठणठणीत आहेत. तू नुसती गाठच काढून घे."