उंबऱ्याबाहेर थांबणाऱ्या आत्याबाई

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, स्वतःच्याच घरात शिरताना उंबऱ्याबाहेर थांबायच्या. कमरेवर घागर असो की डोक्यावर कडब्याची पेंढी, तिथूनच विचारायच्या, "साहेब, आत येऊ का?" आतून मामंजींनी "या" म्हटलं की मगच पाऊल टाकायच्या. कधीकधी मामंजी दरडावायचे, कोण तुम्ही, काय काम आहे? मग आत्याबाई ओझं खाली ठेवून सांगायच्या की भाकरी करायला आले आहे. ज्या घरात त्या हळदीच्या अंगानं आल्या होत्या, तिथं त्यांना रोज अशी परवानगी काढावी लागत होती, कारण नवऱ्याला त्या आता ओळखू येत नव्हत्या.

सत्तर साल उलटल्यावर लगेचच मी लग्न होऊन सांगलीहून वडूजजवळच्या त्या गावात आले. आमचे हे फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. मामंजीही फौजेतूनच सुभेदार होऊन परतलेले. उंच, ताठ, मिशांना पीळ. आधी ते वस्तूंची नावं विसरू लागले, मग शेताची वाट, मग माणसं. सुरुवातीला आम्ही हसायचो. एकदा जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, "ही वाढणारी बाई कुणाच्या घरची?" आत्याबाईंच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी हसलं नाही.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं. म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, यावर औषध नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, एकटं सोडू नका आणि तुम्ही दोघीही स्वतःला जपा. भावकीचं म्हणणं वेगळं होतं. कुणी देवऋषी सुचवला, तर आत्याबाईंच्या एका चुलत दिरांनी, खांबाला बांधून ठेवा, असंही सांगितलं. आत्याबाई त्यांना चहा देत एवढंच म्हणाल्या, "दावणीला आमी बैल बांधतो, भावजी. मानूस न्हाई."

खरं सांगायचं तर मला मामंजींची फार भीती वाटायची. दिवस कलायला लागला की ती घरात उतरायची. सावल्या लांबल्या की मामंजी काठी घेऊन दाराआड उभे राहायचे. कुणीतरी घराला वेढा घालतंय, असं त्यांना वाटे. मी माझ्या तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसायची, पण त्यांच्याकडे पाठ करून कधीच नाही. एका संध्याकाळी त्यांनी आत्याबाईंच्या मनगटावर काठी हाणली. हात कोपरापर्यंत सुजला. शेजारणींना आत्याबाईंनी सांगितलं, गोठ्यात घसरले. त्या रोज न चुकता विचारून आत येत, त्यामागे माया होती तशी ही धास्तीही होती, हे मला तेव्हा कळलं.

शेजारच्या मुलाणीभाभींना मात्र ती घसरण्याची गोष्ट पटली नसावी. दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारच्या वेळी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या. मामंजींपुढे शेंगांचा ढीग ओतायच्या आणि "साहेब, एवढ्या फोडून द्या की" म्हणायच्या. त्या कामात मामंजींचा जीव रमायचा. तेवढ्यात आत्याबाई अंघोळ करून घ्यायच्या, जराशी पाठ टेकायच्या. भाभी कधी काही विचारत नसत.

मुलाणीभाभी माहेरी गेल्या होत्या, त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी परड्यात धुणं वाळत घालत होते. आत्याबाईंचा डोळा लागला होता. मी आत आले तर पाळणा रिकामा आणि पुढचं दार सताड उघडं. खुंटीवरचा मामंजींचा फौजी कोटही नव्हता. आत्याबाईंना हलवून उठवलं आणि नुसता पाळण्याकडे हात केला.

आम्ही धावलो. मळ्याच्या वाटेवर कुणीतरी सांगितलं, सुभेदार विहिरीकडे गेले, छातीशी काहीतरी होतं. वाटेतली माणसं काठ्या घेऊन मागे धावू लागली, तेव्हा आत्याबाई वळल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "कोनी म्होरं यिऊ नगा. घोळका बघून त्ये पान्यात सरकतील." सगळे जागच्या जागी थांबले.

विहीर पायऱ्यांची होती. मामंजी अगदी शेवटच्या पायरीवर, पाण्यालगत बसले होते. कोटात गुंडाळलेली मुलगी त्यांच्या छातीशी होती. ती रडत नव्हती, आणि त्यानंच माझा जीव अर्धा झाला. आत्याबाईंनी वरूनच विचारलं, "साहेब, खाली येऊ का?"

"वाकून या," मामंजी दबक्या आवाजात म्हणाले. "वर गोळीबार चाललाय."

आत्याबाई खरोखरच वाकून, एकेक पायरी उतरत गेल्या. मी भिंतीचा दगड घट्ट धरून उभी होते. त्या त्यांच्याशेजारी बसल्या. हात पुढे केला नाही. मला वरून कोटाची हालचाल दिसत होती तेवढीच. बऱ्याच वेळानं मामंजींनी मुलगी त्यांच्या ओटीत ठेवली.

"एकटीच रडत हुती," ते म्हणाले. "हिची आई कुठं हाय बघा. घाबरली आसंल."

मुलगी गाढ झोपली होती. वर आल्यावर मी तिला इतकं आवळून धरलं की ती जागी होऊन रडू लागली. ते रडणं ऐकून मला रडू फुटलं.

मी माहेरी जायचं म्हणाले. आत्याबाईंनी अडवलं नाही. त्या म्हणाल्या, "जा बाई. भ्या मला बी वाटतं. पर मी कुठं जाऊ?" मी महिनाभर सांगलीत राहिले आणि परतले. भीती गेली म्हणून नव्हे. तिथं बसून इकडच्या दोघांची काळजी अधिक छळायची म्हणून. आल्यावर दोघींनी मिळून दाराला आतून उंच कडी बसवून घेतली आणि दुपारी आळीपाळीनं झोपायचं ठरवलं.

पुढच्या हिवाळ्यात मामंजींनी अंथरूण धरलं. शेवटी त्यांचा आवाज गेला, पण आत्याबाई उशाशी बसल्या की त्यांचा पदर ते मुठीत धरून ठेवायचे. तसेच एका सकाळी गेले. दहाव्याला आलेल्या बायका हळहळल्या, अखेरपर्यंत बायकोला ओळखलं नाही म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई वळखलं. पर जवळ बसू दिलं."

पुढं काही महिन्यांनी शेजारच्या वाडीतली एक सून आमच्याकडे आली. तिचा सासरा घरातल्यांवर धावून जायचा. बोलता बोलता ती सारखी दाराकडे बघत होती. आत्याबाईंनी तिला पाणी दिलं, भाकरी खायला लावली आणि स्वतः पायात वहाणा घातल्या. मला म्हणाल्या, चार दिवस लागतील, घर सांभाळ. वाटेला लागताना त्यांनी त्या पोरीचा हात हातात घेतला.

"तू भितीस, ते बराबर हाय," त्या तिला म्हणाल्या. "पर म्हातारा तुज्यापरीस जास्ती भ्यालाय. आदी त्याला कशाचं भ्या वाटतंय ते बघू."