लाइन इनपुट आणि काकांचा आवाज

"काका, थांबा. आता एक शब्दही बोलू नका," मी म्हणालो. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज फाटून येत होता. दुसऱ्यांदा.

काका काटोलच्या संत्रा मार्केटात हर्रास बोलायचे, म्हणजे लिलाव पुकारायचे. उभं आयुष्य त्यातच गेलं. सोमवारी नागपूरच्या धंतोलीत त्यांचं ऑपरेशन होतं. गळ्यातली स्वरपेटीच काढणार होते. तोवर घशाला ताण देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांचा मुलगा मंगेश नागपुरात राहतो. ऑपरेशनच्या आधी त्याला वडिलांचा हर्रास रेकॉर्ड करून ठेवायचा होता. भजनी मंडळाचा मिक्सर काकांच्या घरी होताच, आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा ऑडिओ इंटरफेस त्याने नवा आणला. जोडाजोडी स्वतःच केली. जमेना, तेव्हा शनिवारी दुपारी मला बोलावलं. मी तीस वर्षं साउंडचं काम करतो.

मीही आधी शहाणपणाच केला. लॅपटॉपवर लेव्हल कमी केली आणि काकांना पुन्हा ओरडायला लावलं. आवाज बारीक झाला, पण फाटलेला तसाच. वाटेत आधीच फाटलेला आवाज पुढे कमी करून काही सुधारत नाही. हे मी शिकाऊ लोकांना घसा कोरडा करून सांगतो, आणि तिथे नेमका विसरलो. काकांचा एक हर्रास माझ्यामुळे वाया गेला. फार लाज वाटली.

मग केबल पाहिली. माइकमधून येणारा सिग्नल अगदी अशक्त असतो. मिक्सर त्याला वाढवतो. त्या वाढवलेल्या सिग्नलला आम्ही लाइन लेव्हल म्हणतो. मिक्सरची केबल इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये जायला हवी. मंगेशने ती माइकच्या इनपुटमध्ये घातली होती. तिथे आवाज आणखी वाढत होता आणि फाटत होता.

"पण पिन तर फिट बसली ना भाऊ," मंगेश म्हणाला.

"बसते ना. म्हणूनच सगळे तिथेच खुपसतात."

केबल बदलून लाइनमध्ये घातली. इंटरफेसचा गेन, म्हणजे आवाज वाढवायचं बटण, पार खाली आणला. काकांनी घसा खाकरला, तेवढ्यात काकू आतून आल्या.

"तो आवाज आख्ख्या बजारानं आयकला. मी तं कधी तिथं गेलीच नाही. मले घरचा पाहिजे."

मंगेश माझ्याकडे पाहू लागला. काकूंना कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

कूलर बंद केला. काका घरात हळू बोलतात, म्हणून मिक्सरवरचा गेन वाढवला. काकूंना समोर बसवलं. काकांनी एकदा माइककडे पाहिलं, मग ते काकूंकडे वळले.

"गोळी घेतली काय वं?"

रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नसतं, असं वाटून काकूंनी नुसती मान हलवली.

"बोल ना वं. मी एकटाच बोलून राहिलो."

मग दोघं बोलत बसले. बीपीची गोळी, भिवापुरी मिरची, मंगेशची लहानपणची खोडी. अकरा मिनिटं, एकदम स्वच्छ. मी उगाच केबल गुंडाळत बसलो.

ऑपरेशन नीट झालं. काका आता पाटीवर लिहून बोलतात. परवा मंगेशचा फोन आला. ती फाइल काकांनी स्वतःच्या मोबाइलमध्ये घालून घेतली आहे. रोज जेवण झालं की तिचा पहिला तुकडा लावतात. काकू स्वयंपाकघरातून उत्तर देतात, "घेतली, घेतली."

तेव्हापासून कुठेही गेलो, की केबलला हात लावायच्या आधी मी विचारतो, हे ऐकणार कोण?